रिकामे घर आणि भरलेले घर : ताब्याच्या आग्रहाचा इतिहास

१/१४
खरेदीखत नोंदले गेले, मुद्रांक शुल्क भरले गेले, आयुष्याची पुंजी विक्रेत्याच्या हाती गेली. आणि नवा मालक दाराशी पोहोचला तेव्हा आत दुसऱ्याच कुटुंबाची चूल पेटलेली होती. हा प्रसंग कोणत्याही एका शहराचा वा शतकाचा नाही. ‘रिकामा ताबा’ या दोन शब्दांमागे रोमपासून गिरगावापर्यंतचा अनुभव साठलेला आहे. तो अनुभव सांगणारा हा धागा.

२/१४
घर घेताना रिकाम्या ताब्याचा आग्रह धरणाऱ्यास आजही संशयी ठरवले जाते. “कागद तर झाले, माणसे महिन्याभरात निघतील,” अशी त्याची समजूत घातली जाते. इतिहासाची साक्ष या समजुतीच्या विरुद्ध आहे. आग्रह रास्तच आहे; मात्र तो कोणापाशी आणि केव्हा धरला जातो, यावर त्याचे न्याय्यपण ठरते.

३/१४
आरंभ रोमचा. रोमन कायद्यात विक्रेत्याचे मुख्य कर्तव्य होते ते ‘वाकुआ पोसेसिओ’, म्हणजे रिकामा ताबा देण्याचे. विकलेली जमीन वा घर अशा स्थितीत हाती द्यायचे, की दुसरा कोणी तेथे हक्काने ठाण मांडून बसलेला नसावा. इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने सिद्ध करविलेल्या ‘डायजेस्ट’ या संग्रहात या कर्तव्याची तपशीलवार चर्चा आहे. विक्री म्हणजे केवळ शब्द नव्हे, हाती आलेली वस्तू, ही धारणा तेथे स्पष्ट दिसते.

४/१४
परंतु या रिकामेपणाची किंमत कोण मोजत असे? रोममधील भाडेकरूचा हक्क केवळ करारापुरता होता. तसे ठरले नसेल तर जुन्या मालकाच्या भाडेकरूस ठेवून घेण्याचे बंधन नव्या मालकावर नसे. भाडेकरूला दाद मागायची ती जुन्या मालकाकडे, तीही नुकसानभरपाईची. पुढे नेदरलँड्समध्ये नेमका उलटा नियम रुजला : भाडे विक्रीच्या आधी येते. घर विकले गेले तरी भाडेकरू हलत नाही. घर घेणारा आणि घरात राहणारा यांच्यातील हा तिढा तेव्हापासूनचा आहे.

५/१४
भारतीय परंपरेनेही या प्रश्नाचा विचार केला. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘आगम’ म्हणजे हक्काचे मूळ आणि ‘भोग’ म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, असा भेद आहे. आगम भोगाहून बलवान मानला आहे. पण जेथे किंचितही भोग नाही तेथे आगमालाही बळ नाही, असे स्मृती बजावते. कल्याणीच्या चालुक्य दरबारी, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६–११२६), विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. जमिनीच्या हस्तांतरासाठी त्याने सहा गोष्टी नोंदवल्या आहेत : गाव, ज्ञाती, शेजारी आणि दायाद यांची अनुमती, सुवर्ण आणि उदक. व्यवहार चार लोकांसमक्ष व्हावा, म्हणजे लपलेला दावेदार उरत नाही, असा त्यामागचा उपयोग सहज ध्यानी येतो.

६/१४
इंग्लंडमधील जुनी रीत तर डोळ्यांसमोर उभी राहावी अशी आहे. अठराव्या शतकातील विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टोन यांनी तिचे वर्णन केले आहे. घराचा ताबा द्यायचा असेल तर आधी आतली सर्व माणसे बाहेर काढायची. मग विक्रेत्याने दाराची कडी खरेदीदाराच्या हाती द्यायची. खरेदीदाराने एकट्याने आत शिरून दार लावायचे, आणि पुन्हा उघडून इतरांना आत घ्यायचे. घर क्षणभर का होईना पूर्ण रिकामे झाल्यावाचून ते दुसऱ्याचे होत नसे.

७/१४
एकोणिसाव्या शतकात ही रीत मागे पडली. १८४५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये केवळ दस्तऐवजाने जमीन हस्तांतरित करण्याची पूर्ण मोकळीक दिली. सोय मोठी झाली. पण त्या सोयीने एक दार बंद झाले. पूर्वी आत माणूस असेल तर व्यवहारच अडत असे. आता आत कोण आहे हे न पाहताही व्यवहार पुरा होऊ लागला. कागद आणि घर यांच्यातील अंतर येथून वाढले.

८/१४
हे अंतर न्यायालयांनी ओळखले होते. १८०९ मधील ‘डॅनियल्स विरुद्ध डेव्हिसन’ या खटल्यात लॉर्ड एल्डन यांच्यापुढे असा भाडेकरू होता, ज्याने तीच मालमत्ता विकत घेण्याचा करारही केलेला होता. नव्या खरेदीदाराने त्याची चौकशी केली नव्हती. निर्णय खरेदीदाराच्या विरुद्ध गेला : जागेत माणूस बसलेला आहे, हीच त्याच्या हक्कांची सूचना. भारतात मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ च्या दुरुस्तीने हेच तत्त्व लिखित स्वरूपात आले. प्रत्यक्ष ताब्यातील माणसाचा जो हक्क असेल, त्याची खरेदीदाराला माहिती होती असेच कायदा मानतो. “मला ठाऊक नव्हते” हे उत्तर तेथे चालत नाही.

९/१४
रिकामेपणाचा संबंध केवळ माणसांशी आहे असेही नाही. १९४६ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे एका गोदामाचा खटला आला. गोदाम विकले होते, माणूस आत कोणी नव्हता. पण तळघरे घट्ट झालेल्या सिमेंटच्या पोत्यांनी आणि इतर अडगळीने भरलेली होती. न्यायालयाने ठरवले की हा रिकामा ताबा नव्हे. मालकी मिळूनही वापर करता येत नसेल, तर खरेदीदाराला जे विकले ते मिळालेच नाही.

१०/१४
आता मुंबई. पहिल्या महायुद्धातील टंचाईमुळे १९१८ मध्ये येथे भाडेनियंत्रणाचा कायदा आला. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, दीर्घकाळ टिकलेला मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला आणि भाडी मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. इमारत विकली तरी भाडेकरू कायम राहत. चाळ विकत घेणाऱ्याच्या हाती खोल्या येत नसत. येत असे ते भाडेपावत्यांचे पुस्तक. गिरगाव, लालबाग, परळ येथील असंख्य कुटुंबांना या कायद्याने डोक्यावरचे छप्पर राखून दिले, हे विसरता कामा नये.

११/१४
याच कायद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्वतःला राहण्यासाठी जागा खरोखर हवी, हे मालकाने सिद्ध केले तरी न्यायालय पुढे विचारत असे : निकालाने अधिक हाल कोणाचे होतील? भाडेकरूचे होणार असतील तर हुकूम मिळत नसे. १९७३ च्या दुरुस्तीने तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारान्वये जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. “हे तर केवळ ‘लीव्ह अँड लायसन्स’वर आहेत, मुदत संपताच जातील,” या भरवशावर ज्यांनी घर घेतले असेल, त्यांचा भरवसा एका तारखेने संपवला.

१२/१४
येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. रिकाम्या ताब्याचा आग्रह म्हणजे कोणाला तरी बेघर करण्याचा आग्रह नव्हे काय? पिढ्यान् पिढ्या राहिलेले, पागडी मोजून आलेले कुटुंब दोन अनोळखी माणसांच्या सौद्यात का भरडले जावे? आक्षेप खरा आहे. मालकांची बाजूही खोटी नाही : १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले, आणि पुढे महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. दोन्ही बाजूंना न्याय हवा असेल, तर आग्रहाचा पत्ता बदलला पाहिजे.

१३/१४
तो पत्ता विक्रेत्याचा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ बारकाईने वाचावे. विक्रेत्याने ताबा द्यायचा आहे, पण ‘मागणी केल्यावर’. आणि तोही मालमत्तेच्या स्वरूपानुसार शक्य असेल तसा. म्हणजे जो मागत नाही त्याच्यासाठी कायदा आपणहून मागत नाही. आणि आत भाडेकरू आहे हे ठाऊक असून जो गप्प राहतो, त्याला भाडेकरूसह घर मिळते. म्हणून पूर्ण रक्कम देण्याआधी जागेवर जाऊन पाहावे. आत कोण राहते आणि कोणत्या हक्काने, हे त्याच माणसाला विचारावे. साठेखतात ‘प्रत्यक्ष, रिकामा ताबा’ असे स्पष्ट लिहावे, आणि किल्ली हाती येईपर्यंत मोबदल्याचा काही भाग राखून ठेवावा. राहणाऱ्याशी तडजोड करायची असेल तर ती विक्रेत्याने, विक्रीच्या आधी, लेखी आणि त्या माणसाच्या खऱ्या संमतीने करावी.

१४/१४
विक्रीनंतर राहत्या माणसावर टाकलेला दबाव, तोडलेले पाणी, दारावरची धमकी, यांना आग्रह म्हणत नाहीत. वेळेवर न मागितल्याची ती किंमत असते, आणि ती भलत्यालाच मोजावी लागते. रोमन विधिज्ञ, विज्ञानेश्वर, ब्लॅकस्टोन यांची जगे एकमेकांपासून फार दूरची. तरी तिघांच्याही नोंदींत व्यवहाराची नजर कागदापलीकडे, प्रत्यक्ष जागेकडे वळलेली दिसते. कडी हाती घेण्याआधी घर रिकामे आहे का हे पाहणारा खरेदीदार स्वतःची पुंजी तर वाचवतोच. आत राहणाऱ्याचा हक्कही तो वेळेवर उजेडात आणतो. घर घेताना सर्वांत सभ्य प्रश्न हाच आहे : आत कोण आहे?

(धागा समाप्त)