झेंडा दिला, शाळेचे काय?

भाषेचा अभिमान हे राजकारणातले फार सोयीचे भांडवल आहे. त्यावर व्याज मिळते आणि हिशेब कोणी मागत नाही. आपल्याला हे सांगायला नको! कॅनडातल्या फ्रेंचभाषी क्वेबेक प्रांतात मोरिस ड्युप्लेसी ह्यांनी ह्याच भांडवलावर एकंदर अठरा वर्षे राज्य केले.

१९३३ साली ते प्रांतिक कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पुढारी झाले. पक्षात दम नव्हता. म्हणून लिबरल पक्षातून फुटलेल्या पॉल गुएँ ह्यांच्या सुधारणावादी मंडळींशी त्यांनी सोयरीक केली, त्यातून ‘युनियन नासिओनाल’ पक्ष उभा केला, गुएँना बाजूला सारले आणि १९३६ मध्ये मुख्यमंत्र्याची खुर्ची गाठली. सुधारणा गुएँबरोबरच गेल्या.

त्यांची तरफदारी करणारे म्हणतात, त्यांनी प्रांताला झेंडा दिला. खरे आहे. १९४८ साली दिला, आणि झेंडा देखणा आहे. खेड्यांत वीज नेली, तेही मान्य. परंतु फ्रेंच मुलांना शिकवणाऱ्या मास्तरांशी हे भाषेचे कैवारी कसे वागले? मी मास्तर, मला आधी तेच दिसणार. १९४९ च्या जानेवारीत माँट्रियलच्या कॅथॉलिक शिक्षकांनी संप केला. त्यांच्या संघाची मान्यता गेली. शिक्षक कोर्टात गेले आणि १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. मग ह्या गृहस्थांनी काय करावे? १९५४ मध्ये नवा कायदा केला आणि तो १९४४ पासून लागू केला! निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका बदलणाऱ्या पोराला आम्ही शाळेत काय म्हणतो, ते येथे लिहीत नाही.

त्याच १९४९ साली ॲस्बेस्टॉस गावच्या खाणीत फ्रेंच मजूर संपावर गेले. कंपनी अमेरिकन. प्रांताचे पोलीस धावले ते कंपनीच्या मदतीला.

काळच तसा होता, म्हणता? त्याच प्रांतात, त्याच काळात, विरोधी पक्षाच्या गोदबू सरकारने १९४० मध्ये स्त्रियांना मत दिले आणि १९४३ मध्ये शिक्षण सक्तीचे केले. ड्युप्लेसींच्या साऱ्या राजवटीत शाळा धर्मगुरूंच्या हाती राहिल्या. प्रांताला शिक्षणमंत्री मिळाला १९६४ साली; ते १९५९ मध्येच वारले होते.

त्यांचा पुतळा तयार होऊन कित्येक वर्षे अडगळीत पडला होता. १९७७ मध्ये तो क्वेबेक शहरात उभा राहिला. उभा केला तो रने लेव्हेक ह्यांच्या सरकारने, ज्याने त्याच वर्षी फ्रेंच भाषेचा कडक कायदा केला.