अपोलो बंदरावरील कमान

संपादक महाशय यांस,


‘गेटवे ऑफ इंडिया’वरील आपल्या गतांकातील लेखात, पंचम जॉर्ज बादशहा याच कमानीतून हिंदुस्थानात प्रवेशले, सबब ती पाहावयास जाणे म्हणजे दास्याचे पूजन होय, असे जे प्रतिपादन आहे, त्याचा पायाच चुकीचा आहे. २ डिसेंबर १९११ रोजी बादशहा अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा तेथे पुठ्ठ्याची तात्पुरती प्रतिकृती तेवढी होती. कोनशिला १९१३ साली बसली आणि कमान खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी.

वास्तू ‘सर्वस्वी विलायती’ हेही अग्राह्य. आराखडा जॉर्ज विटेट यांचा खरा. परंतु तिची घडण सोळाव्या शतकातील गुजरातच्या वास्तुकलेवरून घेतलेली आहे.

आणि मुख्य गोष्ट लेखकांनी गाळली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्री ही इंग्रजी फौजेची अखेरची पलटण, स्वतंत्र हिंदुस्थानच्या सैनिकांची मानवंदना स्वीकारून, याच कमानीखालून कायमची बाहेर पडली. जेथून परकी सत्तेची फौज परतली, ते स्थळ मुलाबाळांना नेऊन दाखवू नये, हा उपदेश मला सर्वथा अमान्य आहे.

पुढील अंकी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, गिरगाव