मोजलेला आकडा आणि काढलेला आकडा

गेल्या महिन्यात ओपीडीत पन्नाशीचे एक गृहस्थ रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. ट्रायग्लिसराइड ५२०, पण ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, फक्त ७१. त्यामुळे स्वारी खूश होती. तो ७१ मी त्यांच्यासमोर कागदावर काढून दाखवला. एकूण कोलेस्टेरॉल २१०, त्यातून एचडीएलचे ३५ वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग म्हणजे १०४ वजा, उरले ७१. त्यांचा एलडीएल कोणी मोजलाच नव्हता! हे फ्रिडवाल्ड यांचे १९७२ सालचे सूत्र आजही अनेक लॅबमध्ये वापरतात. ट्रायग्लिसराइड ४००च्या पुढे गेले की मात्र ते चालत नाही. थेट मोजून घेतल्यावर एलडीएल ९८ निघाला.

कारखान्यांत आता एआय मोजमापाची जागा घेणार, अशी चर्चा सध्या कानावर पडते तेव्हा मला असे रिपोर्ट आठवतात. कारण हे काम रसायन उद्योग कित्येक वर्षे करत आला आहे. त्याला ‘सॉफ्ट सेन्सर’ म्हणतात आणि त्याचा संबंध आमच्या वॉर्डातल्या सिरिंजपर्यंत पोहोचतो.

सिरिंजची नळी बहुधा पॉलिप्रोपिलिनची असते. रिअ‍ॅक्टरमध्ये प्रोपिलिनचे रेणू उत्प्रेरकाच्या कणांवर एकाला एक जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात. साखळ्या फार लांब झाल्या तर वितळलेले प्लास्टिक साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही. फार आखूड राहिल्या तर ते झरझर वाहते, पण वस्तू ठिसूळ होते. याची कसोटी म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स. प्लास्टिक २३० अंश सेल्सिअसला वितळवायचे आणि २.१६ किलोच्या भाराखाली बारीक छिद्रातून १० मिनिटांत किती ग्रॅम बाहेर पडते ते पाहायचे. चाचणी साधीच, पण नमुना काढून लॅबमध्ये नेऊन आकडा हाती येईपर्यंत तास-दोन तास सहज जातात. तोवर कित्येक टन माल पुढे गेलेला असतो.

म्हणून जे सतत मोजता येते त्यावरून अंदाज बांधतात. तापमान, दाब, हायड्रोजनचे प्रमाण (हायड्रोजन वाढला की साखळ्या आखूड होतात), थंड करणारे पाणी किती तापून बाहेर आले, यांवरून संगणक मिनिटामिनिटाला मेल्ट फ्लो सांगतो. क्रिएटिनिनचा रिपोर्ट येण्याआधी आम्ही लघवीचे प्रमाण पाहून किडनीचा अंदाज घेतो, त्यातलाच हा प्रकार.

खरी हुशारी पुढे आहे. लॅबचा आकडा आला की अंदाज त्याच्याशी ताडून दुरुस्त करावा लागतो. पण तो नमुना दोन तासांपूर्वीचा. म्हणजे तुलना आत्ताच्या अंदाजाशी नव्हे, तेव्हाच्या अंदाजाशी करायची. उत्प्रेरकाची नवी खेप आली किंवा प्रोपिलिनमधून किंचित अशुद्धी शिरली, तर सगळी उपकरणे ठीक असतात, पडद्यावरचा आकडाही छान दिसतो आणि रिअ‍ॅक्टरमध्ये भलतेच चाललेले असते. एका ग्रेडवरून दुसऱ्या ग्रेडवर जाताना तर अंदाज सर्वांत डळमळीत असतो, आणि नेमकी तेव्हाच त्याची सर्वांत जास्त गरज असते.

मला धास्ती आहे ती सहा महिने अंदाज बरोबर आल्यानंतरच्या बैठकीची. तिथे कोणीतरी विचारणारच : मग रोज इतके नमुने लॅबला कशाला? आमच्याकडे हे होऊन गेले आहे. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटरही रक्तातला ऑक्सिजन थेट मोजत नाही; प्रकाश किती शोषला गेला यावरून, निरोगी स्वयंसेवकांवर बेतलेल्या कोष्टकाच्या आधारे तो आकडा काढतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी ताडून पाहिले, तेव्हा गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत दडलेली ऑक्सिजनची कमतरता या यंत्राकडून जवळपास तिप्पट वेळा निसटत होती. तोवर करोनाची पहिली लाट येऊन गेली होती, आणि ९४ की ९२ यावर आपण खाटा वाटल्या होत्या.

त्या गृहस्थांनी पुढच्या खेपेला जुनी फाइल आणली. आधीच्या तीन रिपोर्टांपैकी दोन्हींत... नव्हे, तिन्हींत ट्रायग्लिसराइड ४००च्या वर होते. एलडीएलसमोर बारीक अक्षरांत ‘कॅल्क्युलेटेड’ असे छापलेलेही होते.