डाव न देता जिंकलेला सामना



ओव्हरटाइम हा शब्द आमच्या वाचकांना नवा नाही. गिरणी असो, कारखाना असो की बस डेपो, ओव्हरटाइम म्हटला की जादा तास आणि दुप्पट दराचा हिशेब डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्येही ओव्हरटाइम आहे. तिथे मात्र खेळाडूला या जादा मिनिटांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. सामन्याचा पगार ठरलेला तो ठरलेला. पण आज आम्हाला पगाराबद्दल लिहायचे नाही. या जादा वेळेचे नियम न्यायाचे आहेत काय, यावर तिकडे पन्नास वर्षे वाद चालू आहे, आणि तो वाद आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही कळेल असा आहे.

आधी खेळ समजून घेऊ. हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे. चेंडू लांबट, अंड्यासारखा. तो हातात घेऊन पळायचे किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकायचा. मैदान १०० यार्डांचे. चेंडू ज्यांच्या हाती, त्यांना १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. सरकले की पुन्हा चार. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला तर टचडाऊन, म्हणजे ६ गुण, आणि वर बहुधा एक जादा गुण. तिथवर पोहोचता आले नाही तर लांबून लाथ मारून दोन खांबांमधून चेंडू घालायचा. तो फील्ड गोल, ३ गुणांचा. एका वेळी मैदानात अकरा-अकरा गडी असतात. मात्र एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी: चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. चढाईचा म्होरक्या क्वार्टरबॅक. चेंडू दुसऱ्या संघाकडे असेल तोवर हा म्होरक्या मैदानाबाहेर बाकावर बसून नुसता पाहत असतो.

पंधरा मिनिटांची चार सत्रे संपली आणि गुण सारखे झाले की जादा वेळ. त्यासाठी पुन्हा नाणेफेक. जो जिंकेल तो पूर्वी बहुधा पहिला डाव घेत असे. जुना नियम असा होता, की जो संघ आधी गुण मिळवील तो जिंकला, सामना तिथेच खलास. याला तिकडे ‘सडन डेथ’ म्हणतात, म्हणजे अचानक मरण. नाव अगदी बरोबर आहे. पहिला डाव घेणाऱ्याने एक फील्ड गोल मारला की दुसऱ्याच्या हाती चेंडू न येताच तो मेला!

आपल्याकडे विटीदांडू असो की गोट्या, स्वतःचा डाव खेळून झाल्यावर दुसऱ्याला डाव न देता घरी पळणाऱ्या पोराला वस्तीतली पोरे पुन्हा खेळायला घेत नाहीत. कोट्यवधी डॉलरांच्या त्या खेळात मात्र हेच नियमाने होत होते.

जुन्या नियमाची कीर्ती झाली ती १९५८ च्या अंतिम सामन्याने. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्सने न्यूयॉर्क जायंट्सला जादा वेळेत २३-१७ असे हरवले. त्या दिवशी पहिला डाव न्यूयॉर्कला मिळाला होता, त्यांना काही जमले नाही, मग बाल्टिमोरने ८० यार्ड चालून टचडाऊन केला. दोघांनाही डाव मिळाला, म्हणून कुणाची तक्रार नव्हती. पुढे १९७४ पासून साखळी सामन्यांनाही जादा वेळ लागू झाला. आरंभी नाणेफेकीने फारसे बिघडत नव्हते. पण लाथ मारणारे गडी वर्षागणिक तरबेज होत गेले; पूर्वी चुकणारे लांबचे गोल आता सहज बसू लागले. त्यात १९९४ साली खेळ सुरू करून देण्याची लाथ पाच यार्ड मागून मारायची असे ठरले, त्यामुळे डाव घेणाऱ्याला पुढे सरकणे आणखी सोपे झाले. त्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत नाणेफेक जिंकणारा संघ शंभरात साठच्या आसपास सामने जिंकू लागला.

नाण्याला एवढे वजन आल्यावर नाण्यावरून भांडणे होणारच. १९९८ च्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग आणि डेट्रॉईट यांच्या सामन्यात जेरोम बेटिस या पिट्सबर्गच्या खेळाडूने काटा म्हटले की छापा, यावरच वाद झाला. नाणे काटा पडले. बेटिस म्हणे, आपण काटाच म्हणालो. पंचांनी छापा ऐकला होता. चेंडू डेट्रॉईटला मिळाला, त्यांनी पहिल्याच डावात फील्ड गोल मारून १९-१६ असा सामना घेतला. मग अधिकाऱ्यांनी सुधारणा केली ती काय? तर छापा-काटा नाणे उडवण्याच्या आधीच सांगायचे! रोग एकीकडे आणि मलम भलतीकडे.

खरी हालचाल झाली ती २०१० मध्ये. त्या जानेवारीत बाद फेरीच्या मोठ्या सामन्यात न्यू ऑर्लिन्सने मिनेसोटाला ३१-२८ असे हरवले. जादा वेळेत न्यू ऑर्लिन्सला पहिला डाव, एक फील्ड गोल, खेळ संपला. मिनेसोटाचा नामांकित क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह बाजूला उभाच राहिला. दोन महिन्यांनी मालकांनी नियम बदलला: पहिल्या डावात नुसता फील्ड गोल झाला तर दुसऱ्याला एक डाव द्यायचा, पण टचडाऊन झाला तर सामना संपला. हा अर्धा न्याय आधी बाद फेरीत आला आणि २०१२ पासून साखळीतही. गंमत अशी, की ज्या मिनेसोटाला चटका बसला होता, त्यांनीच या बदलाच्या विरोधात मत दिले.

अर्ध्या न्यायाचे जे होते तेच झाले. २०१७ च्या सुपर बाऊलमध्ये, म्हणजे त्यांच्या वर्षाच्या अंतिम सामन्यात, अटलांटाने २८-३ अशी आघाडी घेतली होती. न्यू इंग्लंडने ती फेडली, जादा वेळेची नाणेफेक जिंकली, पहिल्याच डावात टचडाऊन केला. अटलांटाचा मॅट रायन हा त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. जादा वेळेत त्याच्या हाताला चेंडू लागला नाही. २०१९ च्या जानेवारीत याच न्यू इंग्लंडने कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सची तीच गत केली. कॅन्सस सिटीने नियम बदलण्याचा प्रस्ताव मांडला. तो मान्य झाला नाही.

मग आला २३ जानेवारी २०२२ चा दिवस. कॅन्सस सिटी विरुद्ध बफेलो. शेवटच्या दोन मिनिटांत दोघांनी मिळून २५ गुण केले. कधी हा पुढे, कधी तो. १३ सेकंद उरले असताना बफेलो ३६-३३ असा पुढे होता, आणि तेवढ्या १३ सेकंदांत कॅन्सस सिटीने बरोबरी साधली. दोन्ही बचाव फळ्या थकून गेल्या होत्या. बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याने काटा म्हटले आणि छापा पडला. महोम्सने आठ प्रयत्नांत ७५ यार्ड ओलांडून टचडाऊन केला. ४२-३६. चार टचडाऊन फेकणारा ॲलन हेल्मेट घेऊन बाजूला उभा! तीन वर्षांपूर्वी ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनाच आज त्याच नियमाने लाभ झाला. म्हणूनच आम्ही म्हणतो, की हा प्रश्न कोणत्या संघाचा नाही.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. नियमाचे कैवारी म्हणत, ‘बचाव हाही खेळाचाच भाग आहे. तुमच्या बचाव फळीने अडवले असते तर तुम्हाला डाव मिळाला असता. रडता कशाला?’ हे वरवर खरे वाटते. पण जरा विचार करा. पहिल्याच डावात सामना संपला तर कुणाची परीक्षा झाली? हरणाऱ्याच्या बचावाची. जिंकणाऱ्याच्या बचावाची झाली काय? ती अकरा माणसे तर बाकावर बसून होती. दोन उमेदवारांपैकी एकाला अवघड पेपर द्यायचा आणि दुसऱ्याला तो माफ करायचा, तेही नाणे उडवून, आणि वर ‘अभ्यास करायचा होता’ असे सुनवायचे! २०१० च्या नियमाखाली बाद फेरीचे १२ सामने जादा वेळेत गेले. त्यांतले १० नाणेफेक जिंकणाऱ्याने घेतले, ७ तर पहिल्याच डावात. एवढे झाल्यावर युक्तिवादाला जागा उरत नाही.

क्रिकेटच्या सुपर ओव्हरमध्ये दोन्ही संघांना सहा-सहा चेंडू मिळतात, आणि मूळ सामन्यात नंतर फलंदाजी केलेला संघ सुपर ओव्हरमध्ये आधी खेळतो. तिथे नव्या नाणेफेकीची गरजच ठेवलेली नाही. अमेरिकेतही कॉलेजच्या फुटबॉलमध्ये १९९६ पासून दोघांना डाव देतात. आणि २०२१ मध्ये बाल्टिमोरच्या संघाने फार शहाणी सूचना केली होती: एका संघाने डाव कुठून सुरू करायचा ती जागा ठरवावी, दुसऱ्याने चढाई करायची की बचाव ते ठरवावे. घरात दोन भावंडांत भाकरी वाटताना आई हेच करते, एकाने मोडायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची. मोडणारा हात आपोआप मध्यावर जातो! ती सूचना मालकांना पटली नाही. आम्हाला ती सर्वांत आवडली.

बफेलोच्या सामन्यानंतर मात्र २०२२ च्या मार्चमध्ये २९ विरुद्ध ३ मतांनी ठरले, की बाद फेरीत काहीही झाले तरी दोन्ही संघांना डाव मिळालाच पाहिजे. (त्या तीन विरोधकांत मिनेसोटा पुन्हा होताच.) २०२४ च्या सुपर बाऊलमध्ये याची कसोटी लागली. सॅन फ्रान्सिस्कोने नाणेफेक जिंकली, पहिला डाव घेतला, फील्ड गोल मारला. कॅन्सस सिटीने उत्तरादाखल टचडाऊन करून २५-२२ असा चषक नेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी नंतर सांगितले, की नवा नियम त्यांना ठाऊकच नव्हता. पहिला डाव घेणे चूक होते काय, यावर तिकडे खूप चर्चा झाली. नंतर खेळणाऱ्याला किती गुण हवेत ते आधीच कळते. पण दोघांचे डाव बरोबरीत सुटले तर तिसरा डाव पहिल्याकडे येतो आणि तो सामना संपवू शकतो. आमच्या मते, नाणे जिंकणारा असा बुचकळ्यात पडावा, हेच नियम सुधारल्याचे लक्षण आहे. पूर्वी त्याला विचार करण्याचे कारणच नव्हते.

एप्रिल २०२५ मध्ये साखळी सामन्यांनाही दोन डावांचा नियम लागू झाला. पण तिथे घड्याळ दहा मिनिटांचेच राहिले. पहिल्या संघाने रेंगाळत, थोडेथोडे सरकत सात-आठ मिनिटे खाल्ली तर दुसऱ्याच्या वाट्याला उरते काय? दहाही मिनिटे खाऊन गुण मिळवले तर दुसऱ्याचा डावच नाही. पंधरा मिनिटे करण्याची सूचना होती, ती गळाली.

दहा मिनिटे का, तर खेळाडूंच्या जिवासाठी. हे कारण खोटे नाही. धिप्पाड माणसे एकमेकांवर आदळतात, गुडघे जातात, डोक्याला मार बसतो. हजारो माजी खेळाडूंनी मेंदूच्या दुखण्यांबद्दल दावा केला आणि २०१५ मध्ये न्यायालयाने त्यातली तडजोड मंजूर केली. थकलेल्या अंगाला मार अधिक लागतो, हे ओझे उचलणाऱ्या आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून २०१७ मध्ये साखळीतला जादा वेळ पंधराचा दहा केला, ते ठीक झाले. पण त्याच मालकांनी २०२१ पासून हंगामातले सामने १६ चे १७ केले. पाच मिनिटे वाचवली आणि साठ मिनिटे वाढवली! त्या करारावर खेळाडूंच्या संघटनेत मतदान झाले तेव्हा १०१९ बाजूने आणि ९५९ विरुद्ध, इतकी फूट होती. जादा वेळेच्या नियमांवर तर खेळाडूंचे मतच नसते. ३२ संघांपैकी २४ जणांनी हात वर केला की नियम झाला, आणि ग्रीन बेचा भागधारकांचा संघ सोडला तर तो हात मालकाचा असतो. मैदानात निम्म्याहून अधिक खेळाडू काळे आहेत. मालकांच्या बैठकीत काळा चेहरा शोधावा लागतो.

मग खेळाडूचे अंगही वाचावे आणि डावही मिळावा, हे जमणार कसे? आम्हाला यात मोठे कोडे दिसत नाही. साखळी सामन्यात दोघांना एकेक डाव द्या, घड्याळ बाजूला ठेवा, आणि तरीही गुण सारखे राहिले तर बरोबरी मान्य करून घरी जा. २८ सप्टेंबर २०२५ ला डॅलस आणि ग्रीन बे यांचा सामना जादा वेळेनंतरही ४०-४० असा सुटला. जादा वेळेत दोघांना डाव मिळाला होता, दोघांनी एकेक फील्ड गोल मारला होता.