रागाला मोठा-लहान कळतो

रागीट माणसाचे वकील आपल्याकडे घरोघरी सापडतात. ‘तापट आहे, पण मनाचा साफ आहे,’ असे प्रशस्तिपत्र ज्यांनी मार खाल्ला तेच देतात. बांधावरून भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या, तरी नंतरचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘रागाच्या भरात झालं.’ या वकिलीत तीन दावे आहेत. राग आवरता येत नाही. आवरू नये, मोकळा करावा. आणि आवरला तर माणूस मेंगळट होतो, अन्याय सोसत बसतो.

पहिला दावा घ्या. बांध कोरला म्हणून चुलतभावावर फावडे उगारणारा गडी तहसील कचेरीत अर्धा दिवस बाकावर बसतो. कारकून मान वर न करता ‘उद्या या’ म्हणतो, आणि हा ‘बरं साहेब’ म्हणून एसटी पकडतो. अपमान तिथेही होतो, रागही येतो. हात मात्र उठत नाही. घरी आल्यावर भाजीत मीठ कमी पडल्याचे निमित्त पुरते. म्हणजे राग आवरण्याची विद्या याला येते. ती कुणापुढे वापरायची, हे तो निवडतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीमुळे ताबा सुटून कुणाचा जीव घेतला, तर तो खून ठरत नाही, अशी सवलत भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये आहे. जुन्या दंड संहितेतही होती. पण 1961 साली नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. आहुजाशी संबंध असल्याच्या पत्नीच्या कबुलीनंतर नौदल अधिकारी नानावटींनी कुटुंबाला सिनेमागृहात सोडले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग आहुजाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. मध्ये सुमारे तीन तास गेले होते. भानावर यायला तेवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाने ठरवले.

दुसरा दावा प्रेशर कुकरच्या शिट्टीचा : वाफ सोडली नाही तर स्फोट होईल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी हे तपासून 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, तर काहींना नुसते बसवले. ठोसे मारणारे अधिक चिडलेले आणि अधिक आक्रमक निघाले. स्वस्थ बसलेले त्यांच्याहून शांत होते. आदळआपटीने राग संपत नाही, तिची सवय लागते.

तिसरा दावा वजनदार आहे आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्याला उदाहरणही मिळते. राळेगणसिद्धीत दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिले, म्हणूनच गाव सुधारले, असे सांगणारे पुष्कळ. पण राळेगण उभे राहिले ते पाणलोटाच्या कामांवर आणि श्रमदानावर. जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने नशाबंदी, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आणली, ती ग्रामसभेत ठरवून. 2016 साली कोपर्डीत मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाल्यानंतर राज्यभर लाखो लोक रस्त्यावर आले, ते घोषणा न देता. त्या मूक मोर्चांची प्रत्येक मागणी पटलीच पाहिजे असे नाही. पण त्या शिस्तीला मेंगळटपणा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मग राग आवरायचा कसा? उत्तर नेवाशाला सापडते. तिथे शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात माणसाच्या घसरणीचा क्रम आहे : विषयाचे चिंतन, आसक्ती, इच्छा, मग क्रोध, पुढे मोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि सर्वनाश. क्रोध चौथा आहे. आपण मात्र थेट चौथ्या पायरीवर झटापट करतो आणि हरलो की ‘अनावर झाला’ म्हणतो. आवरायचे आहे ते पहिल्या पायरीवरचे चिंतन : तो काय बोलला, कसा बोलला, त्याला कसे दाखवीन, ही रात्रभरची उजळणी. सोळाव्या अध्यायात काम आणि लोभ यांना क्रोधाच्याच रांगेत बसवले आहे, तेही उगाच नव्हे. बांधावरचा राग बहुधा वीतभर जमिनीच्या हावेतून येतो.

ज्यांच्या आईवडिलांना समाजाने वाळीत टाकले, त्या ज्ञानेश्वरांना रागावण्याचा हक्क होताच. त्यांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातले दुष्टपण जावे, एवढेच मागितले. अन्याय त्यांना दिसत होता आणि तो संपावा असेही वाटत होते. सूड तेवढा त्यांनी त्यातून वजा केला.

आपल्याला संत व्हायचे नाही. साहेबापुढे जो संयम जमतो, तो बायकोपुढे, पोरापुढे आणि सालगड्यापुढे जमवायचा आहे. बांध कोरलेला दिसला तर त्या दिवशी भावाच्या दारात जाऊ नये. दुसऱ्या दिवशी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा. मोजणीला वेळ लागतो हे खरे, पण फौजदारी खटल्याइतका नाही.