तपासणी आधी नवऱ्याची

लग्नाला तीन-चार वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की धडगाव असो वा शहादा, दवाखान्याची पायरी आधी सून चढते. तिची सोनोग्राफी, तिच्या गर्भनलिकांची तपासणी, मग भगताकडे फेऱ्या. 'वांझ' हा शिक्काही तिलाच. नवऱ्यात काही कमी नाही, हे घरादाराने धरूनच चाललेलं असतं.

हेच मुळात चूक आहे. संबंध ठेवता येणं वेगळं आणि शुक्राणू तयार होणं वेगळं. साधारण सहाशे मुलग्यांमागे एकाला एक्स-वायऐवजी एक्स-एक्स-वाय अशी गुणसूत्रं असतात. ४६च्या जागी ४७. हा क्लाइनफेल्टर सिंड्रोम. दाढीमिशी, संसार, सगळं नेहमीसारखं असू शकतं. पण वयात येताना शुक्राणू घडवणाऱ्या सूक्ष्म नलिका कठीण होत जातात आणि वृषण लहान, टणक राहतात. जाणता डॉक्टर हाताने चाचपून मिनिटभरात संशय घेतो. त्यासाठी नवऱ्याला तपासणीच्या टेबलावर आणायला हवं.

'म्हणजे कुळालाच डाग!' असं कुजबुजणाऱ्यांनी ऐकावं : हा जादा एक्स पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नसतो. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना झालेल्या चुकीतून तो येतो. कधी आईकडून, कधी बापाकडून. यात कोणाचाच अपराध नाही.

'गुणसूत्र बदलता येत नाही, मग तपासणीवर पैसे कशाला?' हा प्रश्न शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच जास्त घातक आहे. जादा एक्स हे एकच कारण नसतं. वाय गुणसूत्रावर शुक्राणू घडवायला लागणारे एझेडएफ नावाचे ए, बी, सी असे भाग असतात; त्यातला एखादा गळालेला असू शकतो. ए किंवा बी पूर्ण गळालेला असेल, तर वृषणात शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते; तिथे शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढणं व्यर्थ. फक्त सी गळाला असेल, तर अनेकांत ते सापडतात आणि इक्सीने, म्हणजे प्रयोगशाळेत एक शुक्राणू थेट बीजांडात सोडून, मूल होऊ शकतं. मुलगा झाला तर तोच दोष त्याच्यातही उतरतो, हे मात्र जोडप्याला आधीच सांगितलं पाहिजे. तपासणी टाळून 'ताकदीची' टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली, तर पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणाला जाणारे संदेश थांबतात आणि उरलेसुरले शुक्राणूही जातात.

'आदिवासी माणूस असल्या तपासण्या करणार नाही' हे बोलणं मला मुळीच मान्य नाही. सिकलसेलच्या तपासणीसाठी रक्त देणारा हा नंदुरबार जिल्हा आहे. आईबाप दोघांकडून आजार कसा येतो, हे इथल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. वीर्यतपासणीला सूक्ष्मदर्शक आणि तयार तंत्रज्ञ पुरतो. शुक्राणू शून्य किंवा फारच कमी निघाले, तरच रक्ताचा नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत जातो. तिथे पेशी साधारण तीन दिवस वाढवून गुणसूत्रं मोजतात. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुनेला गर्भनलिकांची तपासणी लिहून देण्याआधी केसपेपरला नवऱ्याचा वीर्य अहवाल जोडलेला हवा, एवढा नियम त्याने आजच करावा.