सनद नसलेल्याची साक्ष

सनद हाती नसलेल्या मनुष्याची साक्ष विद्वानांच्या दरबारी सहसा ग्राह्य धरली जात नाही. आणि ती उंदरांच्या भरवशावर दिलेली असली, तर तिची वासलात कशी लागते, हे जॉन गार्शिया या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या चरित्रावरून पाहावे. सॅन फ्रान्सिस्को येथील नौदलाच्या किरणोत्सर्ग प्रयोगशाळेत ते काम करीत, तेव्हा ते डॉक्टर झालेले नव्हते. बर्कलेची ती पदवी त्यांना १९६५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिळाली. किरणांच्या कक्षात ठेवलेले उंदीर तेथील प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी टाळीत आणि पिंजऱ्यातील काचेच्या बाटलीतले बिनतक्रार पीत, ही बाब दुसऱ्या कोणी किरकोळ म्हणून दप्तरी दाखल केली असती. गार्शियांनी प्लास्टिकच्या चवीवर संशय धरला, सॅकरिनचे गोड पाणी देऊन शहानिशा केली, आणि १९५५ साली सहकाऱ्यांसह तिचा निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

पुढे आपले सहकारी कोलिंग यांच्यासह त्यांनी अशी योजना केली की, उंदराची जीभ गोड पाण्याला लागताच दिवा चमकावा व आवाज व्हावा. ज्यांना मागाहून मळमळले त्यांनी गोडी वर्ज्य केली आणि दिव्याची पर्वा केली नाही. ज्यांच्या पायांना विजेचा झटका बसला त्यांनी दिवा व आवाज टाळला, पण गोडीशी वैर धरले नाही. शिवाय चव व मळमळ यांत तासाभराचे अंतर पडले तरी उंदीर विसरत नसे. कोणत्याही खुणेची कोणत्याही परिणामाशी सांगड घालता येते, मात्र दोहोंत काही क्षणांहून अधिक अंतर नसावे, हा तर अध्ययनाच्या मानसशास्त्राचा तेव्हाचा शिरस्ता! या शिरस्त्याला छेद देणारे हे लेख मान्यवर नियतकालिकांनी नामंजूर केले. शेवटी १९६६ साली ते एका नव्या, लहानशा नियतकालिकात छापून आले.

परीक्षकांना मत्सरी ठरविणे मला न्याय्य वाटत नाही, कारण रुळलेल्या नियमाविरुद्ध भक्कम पुरावा मागणे हे त्यांचे कर्तव्यच होते; पण पुरावा समोर असता नियमाचाच हवाला देऊन तो फेटाळणे, हा न्याय नव्हे. उंदराला ओकता येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? पोटात गेलेले विष ज्याला परतविता येत नाही, त्या प्राण्याने चव दीर्घकाळ ध्यानात ठेवावी यात नवल ते काय? पुढे कर्करोगाच्या मळमळ आणणाऱ्या उपचारापूर्वी विशिष्ट चवीचे आइस्क्रीम खाल्लेली मुले नंतर ते नाकारू लागल्याचे १९७८ साली आयलीन बर्नस्टाइन यांनी दाखविले, तेव्हा हा प्रश्न उंदरांपुरता उरला नाही.